अकरा नंबरच्या घराचे माप

श्यामकांत देवस्थळी यांनी आयुष्यभर जेवढी छायाचित्रे काढली, त्यांतल्या बहुतेकांत एक हातोडा आहे. भूगर्भशास्त्रज्ञाच्या छायाचित्रात हातोडा ठेवतात तो खडक फोडण्यासाठी नव्हे. समोरचा थर बोटभर जाडीचा आहे की पुरुषभर, हे पाहणाऱ्याला कळावे म्हणून. माप नसलेले छायाचित्र म्हणजे नुसते चित्र, त्याच्यावर विसंबून काही म्हणता येत नाही, असे ते खात्यात नव्याने रुजू होणाऱ्यांना सांगत. केंद्र सरकारच्या सर्वेक्षण खात्यातली त्यांची नागपूरहून कोलकात्याला झालेली बदली मुळात तीन वर्षांची होती. तिला आता पस्तीसहून अधिक वर्षे झाली. बालीगंजमधले भाड्याचे घर यथावकाश स्वतःचे झाले. हातोडा मात्र खात्याचा होता, तो निवृत्तीच्या दिवशी भांडारात जमा करावा लागला. त्यामुळे निवृत्तीनंतरच्या छायाचित्रांत हातोड्याच्या जागी निर्मलाबाई उभ्या आहेत.

निर्मलाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. उंची चार फूट अकरा इंच, हातात मिटलेली छत्री. छत्रीची लांबीही वहीत नोंदलेली आहे.

निवृत्त माणसाने हाती काहीतरी घ्यावे, तसे श्यामकांतांनी आपली गल्ली हाती घेतली होती. तिच्या पश्चिमेकडच्या बाजूला एकाला एक लागून बावीस घरे आहेत. कुठे गोलाई दिलेल्या गॅलऱ्या, कुठे हिरव्या झडपांच्या खिडक्या, कुठे जुन्या लोखंडी कठड्यांवर नव्या जाळ्या. थंडीच्या दिवसांत पूर्वेकडच्या घरांवरून ऊन साधारण साडेआठला या दर्शनी भागांवर उतरते आणि अर्ध्यापाऊण तासात त्यातला नेमकेपणा जातो. तेवढ्या वेळात समोरच्या फुटपाथवर तिकाटणे लावून एकेक घर टिपायचे, मग सगळी छायाचित्रे एकाच प्रमाणात आणून शेजारी शेजारी जोडायची, असा त्यांचा क्रम. तयार होतो तो एक लांबच लांब पट्टा. डोंगर कापून रस्ता काढला की उघड्या पडलेल्या भिंतीवर जसे थर दिसतात, तशी त्यात गल्ली दिसे. दर दोन वर्षांनी ते नवा पट्टा करीत. चार झाले होते.

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सार्वजनिक वाचनालयाने पंचाहत्तराव्या वर्षानिमित्त हा पट्टा घडीपत्रकाच्या रूपात छापायचे ठरवले, आणि तिथे श्यामकांतांच्या हातून एक चूक झाली. ती केवळ त्यांच्यासारख्याच माणसाच्या हातून व्हावी अशी होती. त्यांनी बावीस घरमालकांना बावीस पत्रे लिहून ना-हरकत मागितली.

या सवयीचे मूळ जुने होते. ज्या खात्यात सीमेलगतचे नकाशे कुलपात असतात आणि नकाशाची प्रत काढायलाही सही लागते, तिथे माणूस तीस वर्षे राहिला की परवानगी ही गोष्ट त्याला हवेसारखी सर्वत्र भरलेली वाटू लागते. कोलकात्यातल्या पहिल्याच दिवाळीत फोर्ट विल्यममधल्या एका मराठी मेजरांनी देवस्थळी दांपत्याला फराळाला बोलावले होते. फाटकावर पहारेकऱ्याने कॅमेरा ठेवून घेतला, पावती दिली, आणि परतताना पावती घेऊन कॅमेरा दिला. श्यामकांतांना तो व्यवहार फार आवडला. तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतले की ‘छायाचित्रण निषिद्ध’ अशी पाटी प्रत्येक भिंतीवर असते. काही भिंतींवर ती दिसते, बाकीच्यांवर ती नुसती दिसत नाही.

“अहो, फुटपाथवर उभं राहायला बावीस जणांची परवानगी?” पाकिटांवर पत्ते घालता घालता निर्मलाबाई म्हणाल्या होत्या. “मग सूर्यालाही एक लिहा. उजेड वापरू का म्हणून.”

“विचारलेलं बरं असतं.”

“आणि कुणी नाही म्हणालं तर?”

“नाही कशाला म्हणेल कुणी?”

तेरा जणांनी उत्तरच दिले नाही. सात जणांनी तोंडी होकार दिला, त्यांतल्या दोघांनी संदेशाची मिठाईही खाऊ घातली. एकाने घर रंगवून होईपर्यंत थांबायची विनंती केली. आणि अकरा नंबरच्या घराचे मालक प्रदोष सान्याल यांनी दोन ओळींचे इंग्रजी पत्र पाठवले: माझ्या मालमत्तेचे छायाचित्र काढण्यास व प्रसिद्ध करण्यास माझी हरकत आहे.

श्यामकांतांनी पत्र फाइलला लावले आणि फाइल वाचनालयाच्या सचिवांपुढे ठेवली. सचिवांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“देबोस्थली बाबू, तुम्ही विचारलंच नसतं तर आम्हांला काही माहीत नसतं. आता हे कागदावर आलं. समिती कशी छापणार?”

“मग अकरा नंबरचं काय करायचं?”

“गाळू. दहाला बारा जोडून टाका. कुणाच्या लक्षात येतंय?”

श्यामकांत घरी आले. जेवताना त्यांनी निर्मलाबाईंना सचिवांची सूचना सांगितली, आणि सांगताना त्यांचा आवाज किंचित चढला. मधला एक थर काढून टाकून वरचा थर खालच्यावर टेकवायचा, आणि हाच डोंगर म्हणून छापायचे! नोकरीत कुणी असे केले असते तर त्याचा अहवाल त्यांनी परत पाठवला असता. पट्टा छापला जावा ही त्यांची इच्छा होतीच. पण तो एकवीस घरांचा छापला जाणार असेल तर आठ वर्षांचे काम आपल्याच हाताने खोटे ठरवल्यासारखे होईल, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. त्यातच अकरा नंबरच्या फाटकाशी बांबूंचा ढीग येऊन पडला होता. पुढच्या सोमवारपासून परांची बांधून दर्शनी भागाचा कायापालट सुरू होणार, गॅलऱ्या काचेने बंद होणार, असे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होते.

रविवारी दुपारी आभा आली. आभा त्यांची मुलगी. वकिलीचे शिक्षण घेऊन सॉल्ट लेकला सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीच्या विधी विभागात काम करते. जन्मापासून कोलकात्यात वाढल्यामुळे तिच्या मराठीत क्रियापदे अधूनमधून भलत्याच लिंगाची येतात आणि आई ती जेवण वाढता वाढता दुरुस्त करते. वडिलांची फाइल तिने पानावर बसल्या बसल्याच चाळली.

“बाबा, ही परमिशन मागितलं कशाला?”

“मागितली,” निर्मलाबाई म्हणाल्या. “‘ही परमिशन मागितली’.”

“तेच. गरजच नव्हती. तुम्ही उभे कुठे होता? फुटपाथवर. फुटपाथ कुणाचा? सगळ्यांचा. रस्त्यावरून जे उघड्या डोळ्यांनी दिसतं ते कॅमेऱ्याला दिसलं तर गुन्हा होत नाही. घर सान्यालांचं आहे, घराचं दिसणं त्यांचं नाही.”

“आणि घर ज्या वास्तुविशारदानं आखलं त्याचा हक्क?”

“तुम्ही मला परीक्षेतला प्रश्न विचारता!” आभा हसली. “त्याचा हक्क असतो, पण तो तसंच दुसरं घर बांधण्याविरुद्ध. घराचं चित्र किंवा फोटो काढायला आणि तो छापायला कॉपीराइटच्या कायद्यानं सरळ मोकळीक दिलीय. कलम बावन्न. मी सचिवकाकांना एक पान लिहून देते. फोर्ट विल्यमसारख्या जागा वेगळ्या, तिथली पाटी खरी असते. बाकी ठिकाणी तुम्हांला दिसते ती पाटी तुमच्या चष्म्यावर आहे.”

“मग या नकाराचं करायचं काय?”

“ती त्यांची इच्छा आहे. इच्छा म्हणून वाचा. आदेश नाही तो.”

श्यामकांतांनी ताक संपवले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरू लागलेले निर्मलाबाईंना दिसले. जेवणानंतर त्यांनी उत्साहाने संगणक सुरू केला आणि अकरा नंबरची चारही छायाचित्रे लेकीपुढे ओळीने मांडली. गोलाईची गॅलरी, तिच्यामागच्या हिरव्या झडपा, खाली लाल कोब्याच्या पायऱ्या. आभाने एक चित्र मोठे केले, आणखी मोठे केले.

“ही कोण?”

“ते माप आहे.”

आभाने मान वळवून वडिलांकडे पाहिले. “बाबा, ती बाई आहे.”

खुलासा सोपा होता आणि श्यामकांतांनी तो सविस्तर केला. अकरा नंबरच्या फाटकाची भिंत घरापासून सहा फूट पुढे आलेली आहे. फुटपाथवर आई उभी राहिली तर ती त्या भिंतीच्या रेषेत येते, घराच्या रेषेत नाही. मग मापात फरक पडतो. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत मात्र त्या वेळी एक बाई चहाचा पेला घेऊन उभी असते. ती अगदी दर्शनी भागाच्या रेषेत. म्हणून तिथे माप म्हणून तीच धरली. त्यांनी वही उघडून दाखवली. चारही नोंदी सारख्या होत्या: ‘माप: गॅलरीतील स्त्री, अंदाजे पाच फूट’.

“हिचे केस पांढरे होत गेलेत,” आभा म्हणाली. “पहिल्यात काळे आहेत, बघितलंत? यात अर्धे. यात सगळेच.”

श्यामकांतांनी बघितले नव्हते. त्यांनी फक्त उंची बघितली होती.

“कायदा काय म्हणतो हिच्याबद्दल?” त्यांनी विचारले.

“घराबद्दल म्हणतो तितकं सरळ नाही म्हणत. रस्त्यावरून चालणारा माणूस वेगळा, आणि आपल्या घरात नाइटी घालून चहा पिणारी बाई वेगळी. तिला मोठं करून घडीपत्रकात छापायचं म्हणजे…” आभा थांबली. “कलम राहू दे. तिच्या जागी मी असते तर मला वाटलं असतं की मला विचारावं.”

ज्यांना विचारायचे कारण नव्हते अशा बावीस जणांना आपण रीतसर पत्रे लिहिली, आणि जिला विचारायला हवे होते तिला आठ वर्षांत एकदाही विचारले नाही, हा हिशेब श्यामकांतांच्या डोक्यात संध्याकाळपर्यंत घोळत राहिला. तो कुणी मांडून दाखवायची गरज नव्हती. निर्मलाबाईंनीही, त्यांच्या स्वभावाविरुद्ध, टोमणा मारला नाही.

आभाचे पान गुरुवारी सचिवांकडे पोहोचले. सचिवांनी ते दोनदा वाचले, फाइलमध्ये नकाराच्या वर लावले, आणि घराला समितीची हरकत नाही असे सांगितले. शुक्रवारी सकाळी श्यामकांत अकरा नंबरच्या फाटकाशी गेले. प्रदोष सान्याल बाहेरच होते. साठीचे, नीटनेटके गृहस्थ; बांबू मोजून घेत होते.

“देबोस्थली बाबू, मी लिहून दिलं होतं ना?”

“हो. मिळालं.”

“मग? हे बघा, माझा तुमच्यावर राग नाही. पण आज घडीपत्रकात छापाल, उद्या कुणीतरी म्हणेल हा वारसा आहे, परवा कॉर्पोरेशनचा माणूस येईल आणि मला माझ्याच घराला खिळा मारू देणार नाही. माझ्या बायकोचे गुडघे गेलेत, मला लिफ्ट बसवायचीय.”

श्यामकांतांना हे नवीन होते. नकारामागे गुडघे असतील असे त्यांना वाटले नव्हते. “तुमची अडचण मला समजते,” ते म्हणाले. “पण मी रस्त्यावरून दिसतं तेवढंच घेतो, आणि ते घेणार आहे. आज मी घरासाठी आलेलो नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंना भेटायचं आहे.”

“इलादींना? त्या भाडेकरू आहेत.”

“त्यांना एक गोष्ट विचारायची आहे.”

“भाडेकरूला विचारणार, आणि मालकाला नाही?”

“मालकाला विचारलं ही माझी चूक झाली,” श्यामकांत शांतपणे म्हणाले. “त्यांना विचारलं नाही, ही दुसरी.”

सान्याल हातानेच जिना दाखवून पुन्हा बांबूंकडे वळले.

इला लाहिरी मुलींच्या शाळेत चौतीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. दार उघडताच त्या म्हणाल्या, “या, या. रविवारी समोरच्या फुटपाथवर दिसणारी माकडटोपी! मी इतकी वर्षं समजत होते की तुम्ही सरकारतर्फे खिडक्या मोजता.”

श्यामकांतांनी चारही छायाचित्रे कागदावर छापून आणली होती. ती त्यांनी टेबलावर मांडली आणि काय झाले ते सुरुवातीपासून सांगितले. इलादींनी चित्रे पाहिली, मग वही मागून घेतली.

“अंदाजे पाच फूट?”

“अंदाजे.”

“पाच फूट तीन इंच. चार वेळा चुकलात. माझ्या वर्गात असता तर बाकावर उभं केलं असतं.” मग त्यांनी चारही चित्रे पुन्हा एकेक करून पाहिली. खाली बांबू एकावर एक पडत होते.

“ही अशी मी छापलेली मला नको आहे,” शेवटी त्या म्हणाल्या. “कपड्यांमुळे नव्हे. कपडेही वाईटच आहेत, पण त्यामुळे नव्हे. चौतीस वर्षं मी कुणा ना कुणासमोर उभी होते. सकाळी या गॅलरीत मी कुणासमोर उभी नसते.”

“मग छापणार नाही,” श्यामकांत म्हणाले.

“लेखी देऊ? तुम्हांला लेखी आवडतं असं खालून कळलंय.”

“नको. तोंडी पुरे. ही चित्रं तुमच्याकडे ठेवा. संगणकावरचीही मी काढून टाकतो.”

ते उठले नाहीत. इलादींच्या ते लक्षात आले. “आता काय अडलं?”

त्यांनी अडचण सांगितली. परवा रविवार, सोमवारी परांची. घर घ्यायला हरकत राहिली नाही. पण भिंत सहा फूट पुढे, निर्मला तिथे चालत नाही, आणि गॅलरीत कुणी नसेल तर अकरा नंबरला माप नाही. मापाशिवाय ते घर पट्ट्यात बसेल, पण ते खरे आहे असे सांगता येणार नाही.

“पूर्वी काय वापरत होतात?”

“हातोडा. खात्याचा होता. निवृत्त होताना जमा केला.”

“ठेवून घेऊ का, असं विचारलं नाहीत?”

“नाही.”

“कमाल आहे,” इलादी म्हणाल्या. “सगळ्या गल्लीला विचारत सुटलात, आणि तेवढं विचारलं नाहीत!”

त्या आतल्या खोलीत गेल्या आणि कपाटामागून एक लांब लाकडी पट्टी घेऊन आल्या. फळ्यावर रेघा मारायची, एक मीटरची. दर दहा सेंटीमीटरला एक घर काळे, एक घर पांढरे; कडा खडूने पांढुरक्या झालेल्या. “शाळेनं शाल दिली निरोपाला. ही मी मागून घेतली. माणूसच कशाला लागतं मापाला?”

श्यामकांतांनी पट्टी हातात घेतली, डोळ्यासमोर आडवी धरून ती वाकलेली नाही ना हे पाहिले, आणि परत दिली.

रविवारी ऊन आठ पस्तीसला उतरले. गल्लीत दूधवाल्याची सायकल आणि बंद दुकानांखेरीज काही नव्हते. श्यामकांतांनी तिकाटणे नेहमीच्या फरशीवर ठेवले. निर्मलाबाई छत्री घेऊन आल्या होत्या. काम नव्हते तरी त्या शेजारी उभ्या राहिल्या. खाली फाटकात सान्याल पेपर घेऊन उभे होते.

“मी येतोय का त्यात?” त्यांनी रस्त्यापलीकडून विचारले.

“गुडघ्यापासून वर.”

“चालेल की नाही?”

“तुमचं तुम्ही ठरवा.”

सान्यालांनी आपल्या घराकडे मान वर करून पाहिले, कितीतरी दिवसांत पाहिले नसावे तसे, आणि पेपरची घडी करून ते फाटकाच्या आत झाले.

वर गॅलरीतल्या झडपेच्या चौकटीला पट्टी सुतळीने बांधलेली होती, सरळ, काळीपांढरी. तिच्या वरच्या टोकाला मात्र झडपेच्या मागून आलेली चार बोटे दिसत होती. पट्टी हलू नये म्हणून इलादींनी ती धरून ठेवली होती.

“काढा ना,” निर्मलाबाई म्हणाल्या. “ऊन सरकतंय.”

“हात आहे अजून.”

“चार बोटं आहेत. कुणाला कळणार कुणाची ते?”

श्यामकांतांनी बटणावरचे बोट काढले. हाक मारली असती तर सारी गल्ली खिडकीत आली असती, म्हणून त्यांनी नुसता हात वर केला आणि बोटे मिटून दाखवली. वर काही हालचाल झाली नाही. त्यांनी पुन्हा दाखवली. पायऱ्यांवरची सावली एक पायरी खाली आली. मग बोटे एकेक करून उचलली गेली, पट्टी किंचित थरथरली, स्थिर झाली, आणि हिरवी झडप आतून अलगद लागली.

त्यांनी बटण दाबले. मग वही काढली, गुडघ्यावर टेकवली, आणि लिहिले: ‘घर क्रमांक अकरा. माप: लाकडी मीटरपट्टी. इला लाहिरी यांच्या परवानगीने.’

“बघू,” निर्मलाबाई म्हणाल्या, आणि वाचून झाल्यावर छत्री काखेत मारीत त्यांनी विचारले, “आणि मी आठ वर्षं उभी आहे, ती कुणाच्या परवानगीने?”

श्यामकांतांनी पेनाचे टोपण पुन्हा काढले.